‘शेवटचा नग’ आणि आमचे घड्याळ

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी भाचा मुंबईहून आला, असरच्या नमाजनंतर दुकानात गादीवर बसला आणि पिशवीतून एक चौकोनी पेटी काढून आमच्यासमोर ठेवली. गिऱ्हाईक समोर होते, लग्नाचा बस्ता चालू होता, दहा-बारा थाने उलगडलेली होती. तरीही आम्हाला राहवले नाही. गिऱ्हाइकाची माफी मागून आम्ही पेटी उघडली. आत सिको कंपनीचे ‘स्पीडटायमर’ क्रोनोग्राफ होते. कंपनीने २०२१ साली आपल्या १४० व्या वर्षानिमित्त या घड्याळाचे साऱ्या दुनियेसाठी फक्त एक हजार नग काढले. त्यांपैकी एक, चार वर्षांच्या शोधानंतर, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापड दुकानदाराच्या मनगटावर आला. पंचावन्नी गाठलेल्या माणसाला त्या दिवशी ईदीला नवा कुर्ता मिळालेल्या पोरासारखा आनंद झाला, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

या पानावर आम्ही एरवी सुरतेचे भाव, जीएसटी आणि उधारीची वसुली यांवर लिहितो. आज घड्याळावर लिहितो आहोत, कारण या एका खरेदीने आमच्याच धंद्याचा एक जुना हिशेब आमच्यापुढे मांडला. तो हिशेब व्यापारी बांधवांच्याही कामाचा आहे.

आधी क्रोनोग्राफ म्हणजे काय ते सांगतो, कारण दुकानात सर्वांनी तेच विचारले. हे हातघड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच डब्यात असते. चावीच्या वर एक व खाली एक अशी दोन बटने असतात. वरचे दाबले की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो आणि खालचे दाबले की शून्यावर परत येतो. तबकडीवरच्या लहान वर्तुळांत गेलेली मिनिटे व तास मोजले जातात. या सर्व काळात घड्याळाची नेहमीची वेळ मात्र चुकत नाही. धावणाऱ्या यंत्राला दुसरे यंत्र मध्येच जोडायचे आणि मध्येच सोडायचे, तेही पहिल्याला धक्का न लागू देता, हीच त्यातली कारागिरी. फ्रान्समध्ये १८२१ साली रियुसेक नावाच्या घड्याळसाजाने घोड्यांच्या शर्यतीसाठी असे यंत्र केले. ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदवीत असे, म्हणून त्याचे नाव ‘काळ लिहिणारे’ असे पडले. एका मित्राने विचारले, “शेठ, आपल्या शकुंतलेची वेळ मोजायला घेतलं काय?” यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी कापसासाठी टाकलेली ती लहान रुळांची गाडी आता बंद आहे. चालू होती तेव्हा तिला क्रोनोग्राफ नव्हे, कॅलेंडर लागत असे.

आमची ही हौस मात्र आजची नाही. १९८० च्या सुमारास आम्ही उर्दू शाळेत खालच्या वर्गात होतो. त्या काळी हाजी लोक मुंबईहून जहाजाने जिद्दाला जात आणि परत आले की सारा मोहल्ला गळाभेटीला लोटे. आमच्या नात्यातले एक बुजुर्ग हजहून परतले तेव्हा जमजम व खजुरासोबत त्यांच्या मनगटावर पिवळ्या तबकडीचे एक सिको घड्याळ होते. बाहेरचा कडा निळा-लाल, बाजूला दोन बटने. त्यांनी आमचे बोट धरून बटन दाबायला लावले आणि तो काटा धावताना आम्ही पाहिला. पुढे मोठेपणी वाचनात आले की तसेच पिवळे घड्याळ पोग नावाचा एक अमेरिकन अंतराळवीर १९७३ साली स्कायलॅबवर घेऊन गेला होता. १९६९ साली आपोआप चावी भरणारा क्रोनोग्राफ बाजारात आणण्यासाठी स्वित्झर्लंड आणि जपान यांच्यात जी चढाओढ लागली, त्यातले जपानचे यंत्र हेच. आम्हाला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. बटन दाबल्यावर येणारा ‘टक्’ असा आवाज तेवढा लक्षात राहिला.

घरची परिस्थिती परदेशी घड्याळाची नव्हती. दहावी पास झाल्यावर मरहूम अब्बांनी आम्हाला एचएमटीचे ‘जनता’ घेऊन दिले. एचएमटीचा घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगलोरला सुरू झाला आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ ही नावे घराघरांत गेली. त्यात ‘कांचन’ हे सोनेरी घड्याळ म्हणजे त्या काळचा कोहिनूर हिराच. मागणी फार आणि माल थोडा, म्हणून छापील किमतीवर ‘ऑन’ देऊन ते मिळे. पुण्याच्या बजाजची चेतक स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, तो हाच जमाना. लग्नसराईत मुलाकडचे लोक ‘घड्याळ, सायकल, रेडिओ’ यांची यादी देत, आणि घड्याळ म्हणजे कांचनच, असे बजावून सांगत. मुलीचा बाप आमच्याच दुकानात बस्ता उधारीवर बांधून घेई आणि हातातले रोख पैसे घड्याळाच्या ‘ऑन’मध्ये घाली. मागून घेतलेल्या घड्याळाचा तो रुबाब आम्ही गादीवरून पाहिला आहे, आणि त्यापायी दोन-दोन हंगाम न मिटलेली खातीही आमच्या वहीत होती. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. आमचे ‘जनता’ अजून चालते, रोज सकाळी चावी भरावी लागते एवढेच.

आता या नव्या घड्याळाच्या खरेदीबद्दल. २०२१ साली भाच्याने मोबाइलवर त्याचे चित्र दाखवले तेव्हा पहिल्यांदा आम्ही किंमत पाहून मोबाइल परत दिला. ती किंमत येथे लिहीत नाही, कारण हे पान घरीही वाचले जाते. चांगल्या मोटारसायकलीपेक्षा जास्त होती, एवढे पुरे. ते वर्ष कोरोनाचे होते, दुकान महिनोन्‌महिने अर्धे उघडे होते, लग्ने पंचवीस माणसांत होत होती आणि बस्ता बांधायला कोणी येत नव्हते. धंदा रुळावर आला तोपर्यंत हजारही नग संपले होते. मग सुरू झाली शोधाशोध. मुंबई, पुणे, हैदराबाद. एका ठिकाणी घड्याळ होते पण कागद नव्हते. एका ठिकाणी कागद होते, पण त्यावरचा क्रमांक आणि घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक जुळत नव्हता. एका दलालाने इतका ‘ऑन’ सांगितला की आम्हाला कांचनचे दिवस आठवले. भाचा म्हणाला, “मामू, हप्त्यांवर घ्या, कार्ड आहे ना माझं.” आम्ही म्हटले, शौकाच्या वस्तूसाठी व्याज भरायचे असेल तर तो शौक आमच्या कामाचा नाही. दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकत गेलो. अखेर मुंबईतल्या एका शौकीन गृहस्थांनी आपला संग्रह कमी करायला काढला. पेटी, कागद, मूळ पावती, सर्व व्यवस्थित. भाव वाजवी सांगितला, पैसे एकरकमी दिले, सौदा एका बैठकीत झाला. घड्याळाच्या पाठीवर नगाचा क्रमांक कोरलेला आहे. आमचा क्रमांक सहाशेच्या घरातला आहे.

त्या रात्री इशानंतर आम्ही अंगणात बसून चहा उकळायला किती वेळ लागतो ते मोजले. चार मिनिटे अकरा सेकंद. बेगम म्हणाल्या, “चाळीस वर्षांत चहा कधी उशिरा मिळाला होता का, म्हणून आता मोजता?” याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी मात्र एका जुन्या स्नेह्यांनी मशिदीच्या पायऱ्यांवर थांबवून स्पष्ट विचारले, “हा इसराफ नाही काय? वेळ तर दोनशे रुपयांचे घड्याळही दाखवते.” प्रश्न रास्त होता आणि तो आम्ही स्वतःलाही विचारलेला होता. आमचे म्हणणे असे. घरखर्च, जकात, नोकरांचा पगार आणि मालाचे देणे यांपैकी कशालाही हात न लावता, व्याजाशिवाय, दिखाव्यासाठी नव्हे तर कारागिरीच्या ओढीने माणसाने एखादी टिकाऊ वस्तू घेतली, तर ती लगेच उधळपट्टी ठरत नाही. नमाजच्या वेळांमुळे मुसलमानांचे आणि घड्याळाचे नाते जुने आहे. अल्-जझरी या कारागिराने १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात हत्तीच्या आकाराचे पाण्यावर चालणारे घड्याळ भाग-भाग करून समजावले आहे, आणि ते काही केवळ वेळ पाहण्यापुरते साधे यंत्र नव्हते. घड्याळ पोलादी आहे, सोन्याचे नाही, त्यामुळे पुरुषाने सोने वापरण्याचा प्रश्नही येत नाही. तरीही स्नेह्यांचे बोलणे आम्ही टाकून दिलेले नाही. शौक एका घड्याळावर थांबतो की दुसऱ्याकडे पळतो, यावर ते ठरेल. आमच्या पुरते आम्ही थांबलो आहोत.

जकातीचीही एक बाब येथेच सांगून टाकू. अंगावर वापरायच्या अशा वस्तूवर जकात नाही, हे सर्वांना माहीत आहे. परंतु हल्ली शहरातले काही तरुण मर्यादित संख्येची घड्याळे, बूट वगैरे विकत घेऊन पेटीही न उघडता ठेवून देतात आणि भाव चढला की विकतात. विकण्याच्या नियतीने घेतलेला माल हा तिजारतीचा माल होतो आणि त्यावर अडीच टक्के निघतात. पेटीवर ‘शौक’ लिहून आत व्यापार ठेवता येत नाही. तपशील आपापल्या आलिमांना विचारावा. भाच्याला कोणीतरी आमच्या घड्याळासाठी पंधरा दिवसांतच चढा भाव देऊ केला होता. त्याचे डोळे चमकले. आम्ही ते विकायला घेतले नव्हते, म्हणून नाही म्हटले.

आता मूळ मुद्दा. आम्हाला जो आनंद झाला तो नेमका कशाचा? घड्याळ चांगले आहे हे खरेच, परंतु तेवढ्याच चांगल्या यंत्राचे, संख्येची मर्यादा नसलेले घड्याळही त्याच कंपनीने काढले. आमच्या आनंदातला मोठा हिस्सा ‘एक हजार’ या आकड्याचा होता. आणि त्या आकड्यावर आम्ही विश्वास ठेवला. कंपनी एक हजार म्हणाली म्हणजे एक हजार एकावे निघणार नाही, या एका भरवशावर आम्ही चार वर्षे वाट पाहिली. समजा उद्या कळले की मागणी पाहून कंपनीने गुपचूप आणखी पाचशे काढले, तर घड्याळाचा एक स्क्रूसुद्धा बदलणार नाही, वेळही तीच दाखवील, पण आमच्याकडची वस्तू खोटी होईल. आम्ही पैसे दिले ते शब्दाचे.

ओमेगा आणि स्वॉच या कंपन्यांनी मिळून मार्च २०२२ मध्ये चंद्रावर गेलेल्या घड्याळाच्या धर्तीवर एक स्वस्त क्रोनोग्राफ काढला, तेव्हा लंडन-सिंगापूरसारख्या शहरांत दुकानांपुढे रात्रभर रांगा लागल्या आणि काही ठिकाणी पोलिसांना यावे लागले. कंपनीने सांगितले की हा माल मर्यादित नाही, पुढेही येत राहील. तरी लोकांनी त्याच दिवशी कैकपट भावाने तो विकला आणि विकतही घेतला. तेथे नुकसान झालेल्यांनी कंपनीला दोष देऊ नये, हे खरे. पण निवडक दुकानांतच माल ठेवून रांग लागू देणे हेही एक बोलणेच आहे, असे आम्हाला व्यापारी म्हणून वाटते.

परंतु ओमेगाचा हिशेब आम्ही कशाला करावा? आमच्या गादीवर काय चालते? ‘शेवटचा नग आहे, घेऊन टाका.’ ‘हा रंग पुन्हा येणार नाही.’ ‘या डिझाइनचे सुरतेहून दोनच सेट आले, एक कलेक्टरसाहेबांच्या घरी गेला.’ यवतमाळपासून उमरखेडपर्यंत कोणत्याही कापड दुकानात तासभर बसा, यातले एक वाक्य कानावर पडेलच. आम्हीही ते म्हटले आहे. सतरा-अठरा वर्षांचे होतो, नुकतेच गादीवर बसू लागलो होतो. दारव्ह्याकडचा एक शेतकरी मुलाच्या लग्नासाठी शर्टाचे कापड पाहत होता आणि त्याचे मन होत नव्हते. आम्ही म्हटले, “हा शेवटचा तुकडा, यानंतर थान संपले.” त्याने जास्त घासाघीस न करता घेतले. दुसऱ्या दिवशी तो अस्तरासाठी परत आला, तेव्हा नोकर तेच कापड नव्या थानातून दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोजून देत होता. शेतकरी बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “शेठ, काल त संपलं म्हनत होते ना तुमी?” त्याने आवाजही चढवला नाही. अस्तर घेतले, पैसे दिले आणि गेला. अब्बा आतल्या खोलीत होते. त्यांनी सर्व ऐकले होते. त्यांनी आम्हाला एक शब्द बोलला नाही. नोकराकडून गिऱ्हाइकाचे गाव विचारून घेतले, आणि पुढच्या बाजारच्या दिवशी त्या माणसाला शोधून जास्त घेतलेले पैसे परत केले. आम्हाला सोबत नेले होते. बसमध्ये जाताना-येताना ते काही बोलले नाहीत.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आत ओल लागते, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने खुतब्यात ऐकली आहे. आपण ती ओल्या धान्यापुरती ठेवली. ‘शेवटचा नग’ हीदेखील ढिगाच्या आतली ओलच आहे, कारण वर दिसते ते एक आणि गोदामात असते ते दुसरे. भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावणे, ज्याला फिक्हमध्ये ‘नजश’ म्हणतात, ते मना आहे हे लिलावात जाणाऱ्या आमच्या बांधवांना पाठ असते. खोट्या टंचाईने गिऱ्हाइकाला घाईला आणणे त्याहून किती दूर आहे?

याच सिको कंपनीची एक हकिकत आम्हाला घड्याळापेक्षा मोठी वाटते. संस्थापक किंतारो हात्तोरी यांनी १८८१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टोकियोत घड्याळांची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती यांचे दुकान टाकले. कारखाना त्यानंतर अकरा वर्षांनी. १ सप्टेंबर १९२३ रोजी तेथे मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, कारखाना जळाला. त्यात गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेली सुमारे दीड हजार घड्याळेही गेली. आसमानी संकट होते, हात वर केले असते तरी कोणी काही म्हटले नसते. हात्तोरींनी वर्तमानपत्रात जाहीर केले की ज्यांची घड्याळे गेली त्यांनी यावे, त्यांना तशीच नवी घड्याळे मिळतील, आणि दिली. शंभर वर्षांनंतर त्या कंपनीने पाठीवर कोरलेल्या आकड्यावर दुनिया भरवसा ठेवते, त्याची पुंजी अशा ठिकाणी जमा झालेली असते. जाहिरातीच्या खर्चात ती धरता येत नाही.

आमच्या कारागीर भावांना हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. मर्यादित संख्या ही श्रीमंत कंपन्यांची युक्ती आहे असे समजू नका. खरे तर ती तुमचीच आहे, तुम्ही तिची किंमत घेत नाही. आमच्या गावातले एक मास्टर रमजानच्या पंधराव्या रोज्याला ‘माप घेणे बंद’ अशी पाटी लावतात. मग आमदाराचा माणूस आला तरी घेत नाहीत. हात दोन आणि रात्री तेवढ्याच, म्हणून शेरवान्या तेवढ्याच. ही खरी मर्यादा. पण तेच मास्टर शिलाई मात्र पलीकडच्या गल्लीतल्या, शंभर कपडे घेऊन निम्मे ईदनंतर देणाऱ्या दुकानाएवढीच घेतात. आम्ही त्यांना सुचवले की शेरवानीच्या आतल्या पट्टीवर या वर्षीचा क्रमांक आणि सन टाका, वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे तोच लिहा, आणि शिलाई वाढवा. त्यांनी हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी विचारायला आले की क्रमांक धाग्याने काढावा की शाईने. गादी-रजई भरणाऱ्या मन्सूरी भावांनाही हे करता येईल. याच जिल्ह्याचा कापूस, हाताने पिंजलेला, हिवाळ्यात अमुकच रजया. मात्र एक अट. पन्नास म्हटले की एक्कावन्नावी नाही, मग ती सासऱ्याने मागितली तरी नाही.

आमच्या दुकानातही आता असे ठरले आहे की गिऱ्हाइकाने ‘किती राहिले’ विचारले तर रॅकवर मोजून सांगायचे. पहिल्या आठवड्यात दोन सौदे हातचे गेले, हे लपवीत नाही. भरपूर आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक ‘मग येतो नंतर’ म्हणून जाते, आणि नेहमीच परत येते असे नाही. नोकर कुरकुरतात. सीझनमध्ये हे कितपत टिकते ते दिवाळीनंतर, कापसाचा पैसा बाजारात आल्यावर कळेल.

परवा आम्ही ते घड्याळ घेऊन पेठेतल्या आमच्या जुन्या घड्याळसाजाकडे गेलो. याच माणसाने आमच्या ‘जनता’ला तीनदा जीवदान दिले आहे. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, घड्याळ उलटेपालटे केले, पाठीवरचा क्रमांक वाचला, मग बटन दाबून कानाशी धरले. काही वेळाने भिंग न काढताच म्हणाले, “उघडू का?” आम्ही घाईने नाही म्हटले. ते हसले आणि आमच्या हाताखालचे ‘जनता’ ओढून घेऊन म्हणाले, “मग हे राहू द्या आठ दिवस. तेल सुकलंय याचं.”